बंड्याचा खोकला : मांजराच्या दम्याची एक केस, पहिल्यापासून आजपर्यंत

मांजराला खोकला येतो हेच बऱ्याच लोकांना माहीत नसतं. मांजर खाली दबून बसतं, मान पुढे लांब काढतं, घशातून खर्र खर्र आवाज करतं, शेवटी एकदोनदा गिळतं आणि काही झालंच नाही असं उठून चालायला लागतं, आणि घरातले म्हणतात केसांचा गोळा अडकलाय, निघेल आपोआप. बंड्याच्या घरी वर्षभराहून जास्त काळ हेच चाललं होतं. मी प्राण्यांची डॉक्टर आहे, आणि ही केस सविस्तर लिहितेय कारण दम्याच्या मांजराच्या बाबतीत जे जे घडतं ते जवळपास सगळं या एका बोक्याच्या बाबतीत घडलं, चांगलं पण आणि वाईट पण.

बंड्या देशी बोका, वय पाच, न्यूटर केलेला, वजन 6.2 किलो म्हणजे चांगलाच गुबगुबीत. ठाण्यात घोडबंदर रोडवरचा फ्लॅट, घरात काका, काकू, आजी आणि कॉलेजला जाणारा मुलगा. बाहेर जात नाही, बाल्कनीला जाळी आहे, शिकार म्हणजे फक्त पाली. लसीकरण झालेलं, जेवण व्यवस्थित, खेळतो पण हल्ली लवकर दमून बसतो असं मुलगा म्हणाला. आधी दुसरीकडे दाखवलं होतं, तिथे दोनदा अँटिबायोटिक आणि सोबत एक इंजेक्शन मिळालं, इंजेक्शननंतर दोनतीन आठवडे खोकला गायब आणि मग परत सुरू. मधल्या काळात हेअरबॉलची पेस्ट, हेअरबॉलचं खाणं, रोज ब्रशिंग, सगळं करून झालेलं. इंजेक्शनचा कागद बघितला तर लाँग ॲक्टिंग स्टेरॉइड होतं. ही माहिती माझ्यासाठी फार मोलाची होती कारण स्टेरॉइडने थांबतो आणि असर उतरला की परत येतो असा खोकला इन्फेक्शनचा असण्याची शक्यता खूपच कमी, तिथे ॲलर्जीचा विचार आधी करायचा.

काकूंनी फोन केला तेव्हा मी पहिलं काम सांगितलं ते म्हणजे व्हिडिओ काढा. दवाखान्यात मांजर खोकत नाही, टेबलावर घाबरून गप्प बसतं, त्यामुळे घरचा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ कित्येकदा माझ्या स्टेथोस्कोपपेक्षा जास्त सांगून जातो. व्हिडिओत बंड्या कोपर बाहेर काढून जमिनीला चिकटून बसलाय, मान सरळ पुढे, तोंड थोडंसंच उघडं, आणि लागोपाठ आठदहा ठसके. केसांचा गोळा काढणारं मांजर असं दिसत नाही. त्याचं पोट आत-बाहेर जोरात हलतं, ओकारी येते, आणि लगेच नाही तर थोड्या वेळाने काहीतरी बाहेर पडतंच, केस, फेस, खाल्लेलं काहीतरी. बंड्याच्या तोंडातून कधीच काही निघालं नव्हतं. महिनोन्महिने गोळा अडकलाय आणि एकदाही बाहेर पडत नाही हे कसं शक्य आहे, हा प्रश्न घरात कोणीतरी विचारायला हवा होता असं मला मनापासून वाटतं, आणि जे हे वाचतायत त्यांनी आपल्या मांजराबद्दल आज तो विचारावा.

दुसरं काम, झोपेतले श्वास मोजा. गाढ झोपलेलं असताना, घुरघुर करत नसताना, छाती एकदा वर-खाली झाली की एक, असं तीस सेकंद मोजायचं आणि दुप्पट करायचं. निरोगी मांजराचे झोपेतले श्वास मिनिटाला तीसच्या आत राहतात. बंड्याचे 42 ते 46 येत होते, तीन वेगवेगळ्या रात्री. तेव्हा म्हटलं, काकू, उद्या सकाळीच आणा, पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

जुलै होता, धो धो पाऊस. बास्केटमधून काढल्यावर मी त्याला लगेच हात लावला नाही, नुसतं बघत बसले, कारण श्वासाचा त्रास असलेल्या मांजराला आल्या आल्या धरून एक्स-रे टेबलावर आडवं केलं तर तिथेच जीव जाऊ शकतो. श्वास सोडताना जास्त जोर लागत होता, पोट आत ओढून हवा बाहेर ढकलतोय असं स्पष्ट दिसत होतं. दम्याची ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे, फुप्फुसाभोवती पाणी झालं असेल तर उलट श्वास घेताना त्रास जास्त असतो. थोडा वेळ ऑक्सिजनवर ठेवला, शांत झाला, मग छाती ऐकली, दोन्ही बाजूंना बारीक शिट्टीसारखा आवाज. हृदयात मर्मर म्हणजे जास्तीचा आवाज नाही, ताप नाही, हिरड्या गुलाबी.

आत काय होत असतं ते थोडक्यात सांगते कारण हे कळल्याशिवाय पुढची औषधं रोज का द्यायची ते पटत नाही. काही मांजरांचं शरीर हवेतल्या एखाद्या साध्या गोष्टीला, धुळीतले माइट्स म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किडे, बुरशी, परागकण यांना शत्रू समजतं, मग श्वासनळ्यांच्या भिंतीत इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जमतात, भिंत सुजते, चिकट कफ होतो आणि नळीभोवतीचे स्नायू आवळतात. नळीची रुंदी निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा दुप्पट नाही, साधारण सोळापट होतो, म्हणून काल बरं असलेलं मांजर आज अचानक तोंड उघडून धापा टाकताना दिसतं. आणि सूज ही मधल्या शांत दिवसांतही असतेच, फक्त आवाज करत नाही. या शेवटच्या वाक्यासाठी खरं तर मी ही पूर्ण केस लिहायला घेतली.

दम्याची अशी एकच पक्की टेस्ट नाही, बाकीचे आजार बाजूला काढत काढत तिथे पोचावं लागतं. एक्स-रेमध्ये श्वासनळ्यांच्या जाड झालेल्या भिंती दिसल्या, कुठे गोल कड्या तर कुठे समांतर रेघा, फुप्फुसं जास्त फुगलेली आणि छाती-पोटामधला पडदा सपाट ढकललेला, म्हणजे आत गेलेली हवा बाहेर पडत नाहीये. दमा असलेल्या काही मांजरांचा एक्स-रे अगदी नॉर्मल येतो, त्यामुळे नॉर्मल आला म्हणून दमा नाही असं कोणी सांगितलं तर ते धरून बसू नका. रक्तात इओसिनोफिल थोडे वाढलेले होते, पण ते जंतांमुळेही वाढतात, आणि बंड्या पाली खातो. मांजरात फुप्फुसात राहणारा एक जंत असतो, तो गोगलगायीतून, आणि त्या खाणाऱ्या उंदीर, पक्षी, पाली यांच्यातून मांजरात येतो आणि दिसायला हुबेहूब दम्यासारखाच त्रास देतो. शी तपासली, काही मिळालं नाही, पण अळ्या रोज बाहेर पडत नाहीत म्हणून फेनबेंडाझोल या जंतांच्या औषधाचा पाच दिवसांचा कोर्स दिलाच. हार्टवर्म हा डासांमधून येणारा दुसरा जंत, दुसरा उमेदवार, त्याची रक्ताची टेस्ट निगेटिव्ह, मांजरात ही टेस्ट शंभर टक्के भरवशाची नसली तरी बाकी चित्र जुळत नव्हतं. हृदयाची सोनोग्राफी आग्रहाने करून घेतली. हृदयविकारात कुत्रं खोकतं, मांजर सहसा खोकत नाही, तरी स्टेरॉइड सुरू करण्याआधी हृदय बघितलेलं बरं, कारण लपलेला हृदयविकार असलेल्या मांजराला स्टेरॉइडने हार्ट फेल्युअरमध्ये जायला वेळ लागत नाही. ती स्वच्छ आली. भूल देऊन फुप्फुसात सलाइन सोडून पेशी तपासणं ही सगळ्यात खात्रीची पद्धत, पण ज्याचे झोपेतले श्वास चाळिशीच्या वर आहेत त्याला त्यासाठी भूल द्यायची माझी तयारी नव्हती, आणि घरच्यांशी बोलून आम्ही ते टाळलं. तेव्हा निदान होतं "दमा, बहुतेक करून", आणि उपचाराला मिळणारा प्रतिसाद बघून ते पक्कं करायचं ठरलं.

आता घराची हवा. यावर मी औषधांपेक्षा जास्त वेळ बोलले. सकाळी आजींची पूजा, त्यात धूप आणि दोन उदबत्त्या, देवघर हॉलमध्ये आणि बंड्याची आवडती जागा देवघराशेजारची खुर्ची. संध्याकाळी सात वाजता डासांसाठी कॉइल. लिटर, म्हणजे शी-शूच्या डब्यातली माती, वासाचं आणि बारीक, ओतताना पांढरा ढग उठतो आणि बंड्या झाकण असलेल्या डब्यात त्याच ढगात खणत बसतो. लादी फिनेलने पुसायची. मुलाच्या खोलीत परफ्यूम आणि रूम स्प्रे. शेजारच्या फ्लॅटमध्ये टाइल्स कापायचं काम. बेडरूमच्या भिंतीला पावसाळ्यातली ओल आणि काळी बुरशी. यातली प्रत्येक गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही घरात असते आणि आपल्याला ती जाणवतही नाही, पण मांजर जमिनीलगत राहतं, दिवसाचे चौदापंधरा तास घरात झोपून काढतं, ती हवा सगळ्यात जास्त तेच आत घेतं.

आजींशी बोलणं मला अवघड वाटत होतं, देवाचं करणं बंद करा असं कोण सांगणार. पण मी व्हिडिओ दाखवला आणि समजावलं तर त्या स्वतःच म्हणाल्या, "अगं, धूप देवाला हवा असतो असं कुठे आहे, समईत तेलवात पुरे आहे त्याला." दुसऱ्या दिवसापासून धूप-उदबत्ती बंद. कॉइलच्या जागी खिडक्यांना जाळ्या बसवल्या, लिक्विड मशीनही नको म्हटलं. लिटर बिनवासाचं, दाणेदार, धूळ न उडणारं घेतलं आणि डब्याचं झाकण काढून टाकलं. फिनेल तर दमा नसलेल्या मांजराच्या घरातही नको, त्यातले फिनॉलवर्गीय पदार्थ मांजराच्या लिव्हरला नीट पचवता येत नाहीत, आणि पुसलेल्या लादीवरून चालून ते पाय चाटतं. टाइल्स कापायच्या वेळेला बंड्या मागच्या खोलीत, दार बंद, दाराखाली ओला टॉवेल. बुरशीची भिंत काकांनी खरवडून वॉटरप्रूफिंग करून घेतली, तोपर्यंत ती खोली त्याला बंद. घरात सिगरेट कोणी ओढत नव्हतं, ते एक बरं होतं.

औषधात पहिले दोन आठवडे प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या, बंड्याच्या वजनाला 5 मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ. माणसांच्या मेडिकलमध्ये मिळणारं प्रेडनिसोन मांजराला चालत नाही, त्यांच्या शरीरात त्याचं प्रेडनिसोलोन नीट तयारच होत नाही, नावं सारखी दिसतात म्हणून सांगतेय. चौथ्या-पाचव्या दिवशी काकूंचा मेसेज, खोकला नाही, झोपेतले श्वास 28. म्हणजे निदानाला आधार मिळाला. पण गोळ्या वर्षानुवर्षं द्यायच्या नसतात, मधुमेह होऊ शकतो, वजन वाढतं, आणि बंड्या आधीच जाड. म्हणून सोबतच पंप, म्हणजे इन्हेलर, सुरू केला, फ्लुटिकासोन 125 मायक्रोग्रॅमचा, सकाळी एक आणि रात्री एक. पंपातलं स्टेरॉइड थेट श्वासनळीत जातं, बाकी शरीरात फार थोडं उतरतं. फक्त त्याचा पूर्ण परिणाम दिसायला एकदोन आठवडे लागतात, म्हणून तेवढे दिवस गोळ्या आणि पंप दोन्ही, आणि मग गोळ्या हळूहळू कमी करत बंद. एकदम बंद करायच्या नाहीत.

मांजराला पंप कसा देणार, हा प्रश्न प्रत्येक जण डोळे मोठे करून विचारतो. पंप आणि मास्क यांच्यामध्ये एक पोकळ नळकांडं बसतं, तो स्पेसर. मांजरांसाठीचे खास स्पेसर बाहेरून मागवता येतात, आपण बंड्यासाठी लहान बाळांचा स्पेसर आणि सगळ्यात छोटा मास्क वापरला, मास्क नाक-तोंडावर हवाबंद बसतोय ना एवढंच बघायचं, डोळ्यांवर यायला नको. मुलाने हे काम अंगावर घेतलं आणि फार सुंदर केलं. आधी पहिले काही दिवस पंप नाहीच, नुसता मास्क जमिनीवर ठेवायचा आणि त्याच्या आत क्रीमी ट्रीट लावायची, बंड्या स्वतःहून तोंड घालून चाटायचा. मग मास्क हातात, मग एक सेकंद तोंडावर, मग तीन, मग पाच, प्रत्येक वेळी बक्षीस. पंपाचा फुस्स आवाज मांजराला सापाच्या फूत्कारासारखा वाटतो, म्हणून आवाजाची सवय वेगळी, लांबून, खाताना. जेव्हा खरंच द्यायची वेळ आली तेव्हा पंप हलवायचा, बंड्यापासून लांब धरून स्पेसरमध्ये एकदा दाबायचा, लगेच मास्क लावायचा आणि सात ते दहा श्वास मोजायचे. श्वास घेतला की स्पेसरची झडप हलते, ती बघत मोजायचं. नंतर तोंडाभोवतीचे केस ओल्या कापडाने पुसायचे. गोळ्या बंद झाल्या तोवर बंड्या मास्क दिसला की स्वतःच ओट्याजवळ येऊन बसायला लागला होता.

एक बारीक गोष्ट, जी फार जणांना कोणी सांगत नाही. डब्यावर 120 डोस लिहिलेले असतात, रोज दोन म्हणजे 60 दिवस. त्यानंतरही दाबलं की फुस्स आवाज येतच राहतो, पण बाहेर पडतो तो नुसता गॅस, औषध नसतं किंवा भरवशाचं नसतं. काकूंनी कालनिर्णयवर नवा डबा उघडल्याची आणि संपायची तारीख लाल पेनने लिहायला सुरुवात केली.

गणपती छान गेले. घरात आरती झाली, कापूर-धूप नाही, बंड्या पाहुण्यांच्या मांडीवर. आणि तिथेच घात झाला. बंड्या ठणठणीत दिसत होता, खोकला शून्य, उड्या मारतोय, तेव्हा घरातल्यांना वाटलं की आता बरा झाला, स्टेरॉइड उगाच कशाला रोज. पंप आधी एकवेळ केला, मग बंद. मला कळवलं नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही, बरं दिसणाऱ्या जिवाला औषध देत राहणं कुणालाच पटत नाही, माणसांच्या दम्यातसुद्धा हेच होतं. पण उपचारावर असलेल्या, अजिबात न खोकणाऱ्या मांजरांच्या श्वासनळ्या तपासल्या तर बऱ्याच जणांत सूज तशीच चालू असते हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. खोकला थांबणं हा आजार आवरल्याचा पुरावा नाही.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री सोसायटीत फटाके, धूर खालून वर चढला, खिडक्या बंद करेपर्यंत फ्लॅट भरला. अकराच्या सुमारास बंड्या कपाटाखाली जाऊन बसला, तोंड उघडं, मान पुढे, पोट भात्यासारखं, हिरड्या जांभळट. मांजराने तोंड उघडून श्वास घेणं ही नेहमी इमर्जन्सी, यात थांबून बघू असं काही नसतं. नशिबाने सालब्युटामॉलचा पंप मी जुलैमध्येच घरात ठेवायला दिला होता, फक्त अटॅकसाठी. मुलाने त्याच स्पेसरमधून दोन पफ दिले, फोन करून मला विचारत. मी सांगितलं त्याला घट्ट धरू नका, पाणी किंवा गोळी तोंडात घालू नका, मोठ्या हवेशीर बास्केटमध्ये ठेवा आणि गाडी काढा. चोवीस तास चालणाऱ्या हॉस्पिटलला मी आधीच कळवून ठेवलं, तिथे ऑक्सिजनचा पिंजरा तयार होता, श्वासनळी सैल करणारं टर्ब्युटालिन आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, अशी इंजेक्शनं पिंजऱ्यातच हात घालून दिली, एक्स-रे-बिक्स-रे काही नाही, आधी श्वास. पहाटेपर्यंत हिरड्यांना रंग आला. भाऊबीजेला घरी सोडला.

त्यानंतर घरी बसून मी सगळ्यांशी परत एकदा बोलले, विशेषतः सालब्युटामॉलबद्दल, कारण त्या रात्री त्याने वाचवलं म्हणून आता तोच रोज देऊया का असं काकांनी विचारलं. नाही द्यायचा. तो आवळलेला स्नायू सैल करतो, सूज अजिबात कमी करत नाही, आणि रोज दिला तर मांजरात उलट सूज वाढू शकते. रोजचा तो फ्लुटिकासोन, अडचणीचा तो सालब्युटामॉल, आणि महिन्यातून एकदाही अडचणीचा काढावा लागला तर मला फोन. सिट्रिझिन, माँटेलुकास्ट वगैरे माणसांच्या ॲलर्जीच्या गोळ्यांचा मांजराच्या दम्यात उपयोग दिसलेला नाही. आणि कळकळीची विनंती, घरातलं खोकल्याचं किंवा सर्दीचं औषध देऊ नका, पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. निलगिरी तेल, कापूर, बाम, वाफ, यांपैकी काहीही त्याच्या जवळ नको.

वजनाचं कामही तेव्हाच हाती घेतलं. जाड मांजराची छाती आधीच दबलेली असते. पण मांजराला उपाशी ठेवून बारीक करायचं नसतं, दोनतीन दिवस खाणं तुटलं तरी लिव्हरमध्ये चरबी साठून जिवावर बेततं, म्हणून कोरडं खाणं मोजून, ओलं वाढवून, अगदी हळू. आज तो 5.4 किलोवर आहे.

सध्या फ्लुटिकासोन सकाळ-संध्याकाळ चालू आहे. कमी करायचं झालं तर लागोपाठ काही महिने खोकला नाही आणि झोपेतले श्वास तीसच्या आत हे दोन्ही वहीत दिसल्यावरच, एका वेळी एक पायरी, आणि पावसाळ्यात किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नाहीच. वही मुलगा ठेवतो, आठवड्यातून दोनदा श्वास, खोकला आला तर तारीख आणि त्या दिवशी घरात काय वेगळं झालं ते. त्यातूनच कळलं की गाद्या झटकल्या की दुसऱ्या दिवशी ठसका येतो, आता गाद्या गच्चीवर नेऊन झटकतात. दर सहा महिन्यांनी वजन, रक्तातली साखर आणि छाती ऐकणं. येत्या दिवाळीच्या चार दिवसांसाठी बंड्याची सोय काकूंच्या बहिणीकडे वाड्याला, गावाबाहेरच्या घरी केली आहे, दोन्ही पंप आणि स्पेसर सोबत जाणार, आणि तिथल्या जवळच्या प्राण्यांच्या दवाखान्यात ऑक्सिजन आहे का हे मी फोन करून विचारून घेतलंय, आहे.